शिरोलीच्या शेडमधली खंडेनवमी

प्रिय प्रसेनजीत,

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू 'हं, हं' करतोस, मला वाटतं ऐकतोयस, आणि नंतर कळतं की तू तिकडे बडोद्यात वेल्डिंग करत होतास. म्हणून पत्र. पाठ धरलीय, मान धरलीय, आणि सहीपलीकडे हाताने काही लिहायची सवय मोडलीय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी कामाचं. तुझं 'नळ' हे मांडणीशिल्प न्यायला दिल्लीच्या संग्रहालयाची माणसं दिवाळीनंतर येणार आहेत. तुझ्या बाबांची, बाबासोकाकांची, हत्यारं आता कायमची तिथे राहणार, याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. शेजारी लावायच्या पाटीसाठी त्यांना शेवटचा मजकूर हवाय आणि तो मी पाठवायचा, असं परस्पर ठरवून तू मोकळा झालास. 'आहे तोच दे' म्हणालास. त्यांनी दोनदा आठवण करून दिली, तरी मी तो दिलेला नाही. का, ते सांगतेच, पण मला सावकाश सांगू दे. हल्ली मला घाईने काहीच जमत नाही.

मंगळवार पेठेतली आपली गॅलरी अजून बंदच आहे. स्लॅब उतरवून नवा टाकायचा म्हणाले, उतरवला, आणि आता वर आभाळ आहे. मालक आधी दिवाळी म्हणत होते, आता संक्रांत म्हणतात. तोवर घरी बसायचं की कुठेतरी दुसरी जागा मांडायची, एवढाच प्रश्न होता. विजयसिंहांची शिरोलीतली फौंड्री बंद पडून शेड रिकामं होतं, त्यांनी ते वापरायला दिलं. 'तात्पुरती दुसरी जागा' अशी पाटी रंगवून घेतली तर रंगारी म्हणाला, "ताई, तात्पुरती कशाला लिवताय, लोकास्नी वाटंल उद्या बंद हुतंय." त्याचं बरोबर होतं. पेठेतले आपले नेहमीचे लोक उद्घाटनाला आले, पांढऱ्या कपड्यांवर काळी धूळ घेऊन गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. हायवे ओलांडून चित्रं बघायला येणं म्हणजे त्यांना परगावी गेल्यासारखं वाटतं.

येतात ते आसपासच्या कारखान्यांतले कामगार. जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन येतात, कारण पंखे आमच्याकडे मोठे आहेत. जेवून झालं की हात मागे बांधून सगळं बघतात आणि मोठ्याने मतं देतात. एका अमूर्त चित्रापुढे एकजण म्हणाला, "ह्ये तर आमच्या गेटवरच्या भिंतीवानी हाय की." चित्रकाराला मी हे अजून कळवलेलं नाही. तुझ्या 'नळा'पुढे मात्र ते गप्प होतात. काकांची साचे ठोकायची हत्यारं, धुमस, थापी, चाळण, सगळं त्या लोखंडी चौकटीत टांगलेलं, वरून नळ थेंब थेंब गळतोय, आणि हत्यारं गंजत चाललीत. इथे पाण्याचा भरवसा नाही, त्यामुळे मागची टाकी मीच बादलीने भरते. तू कलाकार, मी पाणक्या.

तू उद्घाटनाला आला नाहीस, त्याचं मी वाईट वाटून घेतलं नाही. या शेडमध्ये पाऊल ठेवायचं नाही, ही काकांनी तुला लहानपणीच घातलेली शपथ, आणि ते गेले तरी तू ती पाळतोयस. ते इथे जन्मभर वाळूचे साचे ठोकत राहिले आणि तुला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. तुझ्या पाटीवर लिहिलंय तेवढंच मलाही माहीत होतं: खंडेनवमीला शेडमधल्या लोकांनी काकांच्या हत्यारांना जबरदस्तीने हळदकुंकू लावलं, 'आम्ही बौद्ध, आम्ही पूजा करत नाही' म्हटल्यावर हसले, आणि काकांनी सगळ्यांदेखत ती नळाखाली धुतली. ही गोष्ट तू मला कॉलेजात असताना सांगितली होतीस.

आता यंदाची खंडेनवमी. भट्टी विझलेली असली तरी विजयसिंह दरवर्षी तिची पूजा करतात, जुने कामगार येतात. हे त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी मान डोलावून विसरून गेले. सकाळी पोचले तर माझ्याआधीच सगळं उरकलेलं. भट्टीला झेंडूची माळ, क्रेनला माळ. एवढ्यावर थांबतील तर ते कामगार कसले! राजनंदिनीने तिच्या कलाकृतीसाठी पुण्याहून आणून मांडलेल्या एकूण एक शिलाई मशीनला कुंकू आणि फूल. प्रोजेक्टरला कुंकू, आग विझवायच्या नळकांड्याला कुंकू, माझ्या चहाच्या किटलीलासुद्धा. त्या थकव्यातही मला हसू फुटलं. आणि मग मी तुझ्या चौकटीकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. कुंकवाचं बोट नाही, फुलाची पाकळी नाही.

माझं डोकंच फिरलं. तिथे आकाराम म्हणून काकांच्या वयाचे, साचे ठोकणारे एक मोल्डर होते, त्यांच्यावरच मी ओरडले, की किटली चालते आणि बाबासोंची हत्यारं तेवढी चालत नाहीत, त्यांचा विटाळ होतो का तुम्हाला अजून? ते प्रसाद वाटत होते. माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, "ताई, आरडू नगा. बाबासोच्या हत्यारास्नी कुंकू लावायचं नसतंय. ह्या शेडची रीतच हाय ती." मग खाली बसले आणि आवाज उतरला. "त्या सालाला लावणारा मीच हुतो. हसलो बी मीच. त्यो नळावर धुत हुता आन् आमच्यातलं कुणी मान वर करंना."

पुढच्या वर्षी, ते म्हणाले, त्यांनी काकांची जागा फक्त झाडून घेतली, दुसरं काही केलं नाही. नंतर तेच ठरून गेलं. सगळे आरतीला उभे राहिले की भट्टी काका सांभाळायचे. चौदा एप्रिलला काका सुट्टीवर असले की त्यांचं काम बाकीचे ओढायचे. पूजा नको म्हणणारा माणूस पेढे मात्र दोन घ्यायचा, हेही आकाराम हसत म्हणाले. आणि मग मला विचारलं, "त्येच्या पोराला ह्ये म्हाईत न्हाई व्हय?"

दुसऱ्या दिवशी शेड बंद ठेवलं आणि उचगावला तुझ्या आईकडे गेले. शालनकाकूंचे गुडघे तसेच आहेत, पण तांदूळ निवडायचं काम सुनेला देत नाहीत. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मला म्हाईत हाय की. ते घरी येऊन सांगायचे. प्रसेनला कळू दिऊ नगंस म्हनायचे. तिथं मानसं बरी हायती आसं कळलं तर त्यो शाळा सोडून वाळू ठोकायला येईल, त्येला राग ऱ्हाऊ दे." मग निवडलेले तांदूळ डब्यात ओतत म्हणाल्या, "तूच सांग आता त्येला. माझ्या तोंडातनं न्हाई यायचं."

म्हणून हे पत्र. पाटीवरचा शब्दही खोटा नाही. ज्याने कुंकू लावलं तोच माणूस ते कबूल करतो. आणि आकारामांनी पुढचं सांगितलं म्हणून ते हसणं माफ झालं, असं म्हणायचा अधिकार मला, पेठेतल्या सवर्ण घरातल्या अमरसिंहांच्या लेकीला, मुळीच नाही. राग ठेव किंवा सोड, तो तुझा आहे. पण तो तुझ्या हातात काकांनी जाणूनबुजून दिला होता, आणि तू शिकेपर्यंत इथला चांगुलपणा ते एकटेच गिळून बसले होते, हे तुला ठाऊक नसताना तुझ्या नावाने काहीही दिल्लीला पाठवायला माझा हात धजत नाही. मजकूर तूच लिही, नाहीतर आहे तोच राहू दे असं एकदा हे सगळं वाचून सांग. मी थकलेय रे, दुसऱ्याच्या बापाबद्दल ठरवायचं बळ माझ्यात नाही. आणि जमलं तर ते लोक यायच्या आत ये. शपथ ज्या कारणासाठी होती ते कारण संपलं. काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता जाऊ दे त्येला आत. आता काय त्यो तिथं कामाला लागत न्हाई."

तुझीच,
संयोगिता