न निवणारी बाटली

३ फेब्रुवारी १९६४
करमाडपासून बैलगाडीने आलो. हाडं खिळखिळी झाली, पण जागा पाहून जीव खूश झाला. दगडी कुंड, त्यावर वाफ, भोवती कडुनिंब. सांधेदुखीवाल्यांसाठी इथे उपचारकेंद्र काढायचं घाटतंय. पाणी त्या लायकीचं आहे का, हे आठ दिवसांत मी सांगायचं. कुंडाची झाडलोट चतुराबाई करते. गंधकाच्या वासाने मी नाक दाबलं तेव्हा ती पदराआड हसली.

४ फेब्रुवारी
कुंडाचं पाणी एकशे दहा अंश फॅरनहाइट. इथली रीत अशी, की पाण्यात उतरून आपलं दुखणं मोठ्याने सांगायचं, मग ते पाण्यात राहतं. मीही उतरलो. गुडघा सांगायचा होता, तोंडातून निघालं वच्छी. माझी लेक. मागच्या श्रावणात विषमज्वराने गेली, सात वर्षांची.
निघताना तिथलंच पाणी नमुन्याच्या बाटलीत भरलं. चतुराबाईने हात धरला. "भाईर नेऊ नका, साहेब. दुखणं संगं येतं." नमुना नेला नाही तर माझी नोकरी कशी चालायची, असं तिला समजावलं.

५ फेब्रुवारी
सहा बाटल्या भरल्या होत्या, पाच निवल्या. वच्छीचं नाव निघालं तिथे भरलेली पहिली मात्र अठ्ठ्याण्णववर अडली आहे. खोलीत चांगलाच गारठा आहे. थर्मामीटर बदलला, तरी तेच.

६ फेब्रुवारी
सकाळी शंभर, दुपारी एकशे दोन. हे आकडे मला पाठ आहेत. उस्मानपुऱ्याच्या घरी, तिच्या खाटेशी बसून मीच ते लिहिले होते.
शेवटच्या दुपारी वच्छीने पाणी मागितलं. मी पडलो पाणी तपासणारा. बायकोच्या हातातला माठातल्या पाण्याचा पेला काढून घेतला, पाणी उकळायला ठेवलं आणि निवेपर्यंत थांब म्हणालो. निवलं का, असं तिने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

७ फेब्रुवारी
एकशे तीन. बाटलीला ओल्या पट्ट्या ठेवतो आहे. दारात चतुराबाई रडत होती. कुंडात ओतून द्या म्हणाली, अजून येळ हाय म्हणाली. कसं ओतू? एकदा हातची घालवली आहे —

८ फेब्रुवारी, दुपार
एकशे चार. बुचाशी कान नेला की धाप ऐकू येते. काचेवर आतून लहान बोटं —
चतुराबाई विहिरीच्या पाण्याची घागर ठेवून गेली. गार आहे. तपासलेलं नाही.

तीन वाजता
एकशे पाच. तिने विचारलं. निवलं का.
पेला भरला. द्यायचाच होता, देवाशपथ — पण स्टोव्ह पेटलेला आहे. मीच पेटवला असणार. पेला पातेल्यात ओतलेला —
थांब, बाळा. उकळी आलीच —
दुसऱ्यांदा विचारलं.
निवतंय गं. फुंकर घालतोय. वच्छी, अजून एकदा विचार. एकदाच —