पाचव्या बाटलीचा फुगा

सिस्टर, परवा स्वयंपाकघराच्या खिडकीत मी पाच बाटल्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीत साखरेचं कोमट पाणी, चमचाभर यीस्ट आणि तोंडाला फुगा. तुम्ही नववीत शिकवलं होतंत तसंच. पहिलीत स्पिरिट नाही, दुसरीत एक चमचा, असं वाढवत पाचवीत चार. यीस्ट जगलं की वायू सुटतो, फुगा उठून बसतो. दारू वाढत गेली की त्याची वाढ खुंटते, फुगा लोळत राहतो. फुग्याभोवती दोरा गुंडाळायचा आणि पट्टीवर मोजायचा.

तेव्हा प्रयोगशाळेतलं स्पिरिट तुम्ही खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून दिलं होतंत. "सांभाळून ने. घरी कुणाला पिऊ देऊ नकोस," म्हणालात आणि स्वतःच हसलात. घरी पोचेपर्यंत ते दप्तरात सांडलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. मावशीच्या लग्नात मैद्याच्या गोल फुग्या तळायच्या होत्या, त्यांच्या पिठासाठी आईने ताडी आणून ठेवली होती. ताडी म्हणजेही दारूच, असं समजून मी स्पिरिटऐवजी तीच चमच्याने मोजून ओतली. दुसऱ्या दिवशी सगळं उलटं. पाचव्या बाटलीचा फुगा सगळ्यांत मोठा. आई पीठ मळता मळता म्हणते, "अगं, ताडीनेच तर हे पीठ फुगतं. तुझी सिस्टर काय वेगळं सांगते?" ताडीत स्वतःचंच जिवंत यीस्ट असतं, हे तेव्हाही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी वहीत पुस्तकातल्यासारखे उतरते आकडे लिहून टाकले.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वही बघताय. "बाळ, यीस्ट इतक्या शिस्तीत मरत नाही. खरे आकडे आण." आणि पुढच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने दोनच शब्द: वाट पाहते. मला राग आला. मी काहीच आणलं नाही. वर्ष संपलं, तुमची बदली झाली, आणि बऱ्याच वर्षांनी एका रविवारी चर्चमध्ये मिस्सात फादरनी तुमच्या आत्म्यासाठी प्रार्थना मागितली, तेव्हा तुम्ही गेल्याचं कळलं.

पुढे सातिवलीच्या एका लहानशा औषध कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत आकडेच तपासले. कुणी फार सरळ आकडे आणले की तुमचंच वाक्य त्यांना ऐकवायचे. माझी वही मात्र कपाटात, तशीच. आता नवरा नाही, मुलगी परदेशात, तिचा फोन रविवारी. म्हटलं, निदान ते पान तरी भरावं. काल भरलं. पहिला फुगा टणक, पाचवा बाटलीच्या गळ्यावर मान टाकलेला. तिसरा दुसऱ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठा आला. का ते कळलं नाही, पण तोही आला तसाच लिहिला.

इथेच थांबायला हवं होतं. पण चहा पिताना समोर तो पडलेला फुगा बघवेना. पाचवी बाटली ओतून दिली, धुतली, आणि मागच्या वाडीतून ताडी आणली. ताडी देणारा म्हणाला, "काय आंटी, फुग्या करताय? कोण कोण येतंय?"

"येणार आहेत सगळे," मी म्हटलं.

घरी येऊन बाटलीत साखरपाणी घातलं, यीस्ट घातलं, आणि वर चार चमचे ताडी. आज सकाळपासून तो फुगा वाढतोय. मी खुर्ची त्याच्याजवळ ओढून बसले आहे. हे पत्र त्याच वहीत ठेवीन, सिस्टर. या फुग्याचं माप मात्र मी घेतलेलं नाही.