ब्रेकवरचा पाय

तुमसर, ८ जानेवारी १९८४

चि. देवाजीस भागीरथाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.,

तुझं पत्र भेटलं. पाय बधिर झाले, छाती धडधडते, असं लिहिलंस. शुगर ताब्यात असून असं कावून, ते डॉक्टरलेही समजून नाही राह्यलं म्हणतोस. मले तं थंडीच वाटते. माय बाबाच्या पायाले गरम विटेचा शेक देत होती, तसा नलू भावजयले द्यायले सांग. अन् जिलबी बंद कर, लबाडा.

माझा चिंधू तुझ्याच क्रेनखाली इशारे देते, म्हणून मी निर्धास्त आहो. मामा वर असल्यावर मायले काय भेव?

बहिणीवर जीव असू दे.
तुझी ताई


भिलाई, सेक्टर ६, २९ जानेवारी १९८४

ती. भागीरथाताईस देवाजीचा दंडवत. वि. वि.,

नलूनं वीट तापवून, फडक्यात गुंडाळून पायाखाली ठेवली. मी पेपर वाचून राह्यलो होतो. वास आला तवा तिनं माझा पाय उचलला, तं तळव्याचं कातडं फडक्याले चिकटलं होतं. मले काहीच समजलं नाही. नलू अजून रडते. तू सोताले दोष देऊ नको.

डॉक्टर म्हणाले, शुगरनं नसा खराब होतात, पण एवढ्या लवकर नाही. कारण सापडो न सापडो, गोळी चुकवायची नाही, रोज तळवे पाहायचे. भेव वाटते तेही सांगायचं, त्याचाही इलाज आहे.

ताई, मी लपवलं ते वेगळंच. क्रेनचा ब्रेक पायानं दाबावा लागते. सहा महिन्यांपासून पाय ब्रेकवर आहे का नाही, ते मी वाकून पाहून राह्यलो होतो. क्रेनले उकळत्या पोलादाचं भांडं, अन् खाली तुझा चिंधू. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही. पण वीट समजली नाही तं ब्रेक काय समजेल? फोरमनले सगळं सांगितलं. आता मी स्टोअरमधे बसतो.

चिंधूची माफी मागितली. तो म्हणाला, मले पहिलेच समजलं होतं. मंग बदली कावून नाही मागितली, विचारलं. म्हणाला, "मामाजी, मी खाली दिसलो का तुमी सांभाळून चालवत होते. माझ्या जागी खाली दुसरा असता तं?"

तुले तोंड दाखवायची हिंमत नाही. पोटात घाल.
तुझा देवाजी


तुमसर, ६ फेब्रुवारी १९८४

चि. देवाजीस आशीर्वाद.

दोन दिवस घास उतरला नाही. तुझ्यावर राग आहे, अन् राहील. चिंधूलेही सोडणार नाही.

नलूले घेऊन ये. तुले अनवाणी चालायची मनाई आहे, असं चिंधूनं लिहिलं. दारात जोडे काढू नको. देवापुढंही जोड्यानंच बस, मी देवाले सांगून ठेवते.

तुझी ताई