क्लाइव्हची भीड

रविवार, ८ मे

गाढव आहे! सत्तर वर्षांचं गाढव!

गुरुवारी रात्री क्रिकेट क्लबचं पॅव्हेलियन जळालं, म्हणून आज पोलिसांनी क्लाइव्हला "जरा बोलायला" बोलावलं. इतकी वर्षं मैदान यानंच राखलं आणि मार्चमध्ये कमिटीनं काढून टाकलं — संशय याच्यावरच येणार. पण वकील फुकट मिळत होती! पोलिसांनीच विचारलं — लीड्सहून वकीलबाई येतील, थोडं थांबावं लागेल, बोलावू का? आणि नवरा माझा म्हणाला काय — "रविवार आहे हो. जेवायला बसल्या असतील. कशाला त्रास?"

त्रास! दारावरच्या विक्रेत्यांना नाही म्हणवेना म्हणून घरात तीन-तीन व्हॅक्यूम क्लीनर आणून ठेवलेला माणूस हा.

सोमवार, ९ मे

आज टोचून टोचून बाकीचं बाहेर काढलं. सार्जंट हॉलिस म्हणे फार सभ्य. चहा दिला, बिस्किटं दिली. बोलायची सक्ती नाही, बोललात तर ते कोर्टात येईल, हेही सांगितलं.

"मग गप्प का नाही बसलास?"

"अगं, समोरचा माणूस एवढं विचारतोय. गप्प कसं बसायचं? उद्धटपणा वाटतो."

हॉलिस म्हणाला, "तुमच्या जागी मलाही राग आला असता." हा — "आला खरा." "रागात माणूस काडी ओढू शकतो, नाही?" हा — "शकतो की." "तुम्हीसुद्धा?" — "तसं म्हटलं तर... हो."

हो!! बिस्किट खाता खाता! आणि तो हॉलिस — त्याच्यापेक्षा दंडुका परवडला, दिसतो तरी. भीड भिकेची बहीण म्हणतात, आमच्याकडे तुरुंगाची मावशी निघाली. माझं डोकं नुसतं तडतडतंय.

बुधवार, ११ मे

वकीलबाई आल्या — मिस ओकोरो. क्लाइव्हनं आधी त्यांचीच माफी मागितली. त्या भडकल्या — "रविवारी मी घरी भिंत रंगवत होते, मिस्टर हॅलम! निरोप आला असता तर तशीच निघाले असते. हक्क आहे तुमचा तो. माझ्यावर उपकार करत होतात का?" मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

शुक्रवारी पोलिसांनी पुन्हा बोलावलंय. आता प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर — "काही बोलायचं नाही." चुकला, तर काही वर्षं आत. या वयात तो परत येईल का?

आग त्यानं लावलेली नाही, मला माहीत आहे ना! गुरुवारी डोकेदुखीची गोळी घेऊन मी लवकर झोपले. सकाळी उठले तेव्हा हा शेजारी घोरत होता. मुंगीला वाट देणारा माणूस!

गुरुवार, १२ मे

सराव. स्वयंपाकघरात मी हॉलिस झाले.

"चहा घेणार, क्लाइव्ह?"

"हो, थँक्यू — अरे, सॉरी, काही बोलायचं नाही. चहा मात्र चालेल."

मी लाटणं आपटलं. सॉरी नाही! पुन्हा! संध्याकाळपर्यंत घसा बसला माझा.

शुक्रवार, १३ मे

सकाळी शेवटचा सराव. एकही चूक नाही. मी खूश.

दाराशी त्याचा टाय सरळ करताना सहज विचारलं — हॉलिस म्हणून नाही, मी म्हणून — "त्या रात्री मी झोपल्यावर तू घरातच होतास ना रे?"

त्यानं माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"काही बोलायचं नाही."

सॉरी म्हणाला नाही.