हाताचं चित्र

आई,

नंदू सापडत नाही. मी पाच मिनिटं गच्चीवर कपडे काढायला गेले होते. खाली आले तर दार सताड उघडं. बागेत बघून आले, झोपाळा रिकामा आहे. नाक्यावरचा रिक्षावाला म्हणतो, पिवळ्या फ्रॉकातली मुलगी तलावाकडे जाताना दिसली. पाणी दिसलं की ती थांबत नाही. मी तिकडेच पळतेय. ह्यांना कंपनीत फोन केला आहे.

तुम्ही देवळातून आलात की घर सोडू नका. ती आली तर हाका मारू नका, जवळ ओढू नका, ती उलट पळेल. तिचा स्टीलचा डबा चमच्याने वाजवत बसा, त्या आवाजाला ती येते.

शेजारच्या मधुबेनना सगळं सांगा. नंदू लाजाळू आहे, एवढंच नको. ऑटिझम आहे, नाव विचारलं तरी ती सांगणार नाही, हे सांगा.

काल हळदीकुंकवाला बायका विचारतील म्हणून तिची दिनक्रमाची चित्रं भिंतीवरून मीच काढून ठेवली. तुम्ही सांगितलं नव्हतं. आज घाईत परत लावली. शाळेतल्या बाईंनी क्रम लावून दिला होता: दूध, चपला, आईचा हात, बाग. हाताचं चित्र आत्ता सापडलं, पन्ह्याच्या पेल्यांच्या ट्रेखाली.

ती चुकली नाही, आई. दूध प्यायली, चपला घातल्या आणि एकटीच बागेत निघाली. भिंतीवर तसंच होतं.

विमल