संपर्कासाठी एकच नाव

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की आई बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. मीही ठीक आहे. फोन हाताशी असताना ताईला पत्राचं खूळ कुठून लागलं, म्हणशील. फोनवर मला खोटं बोलायची सवय झाली आहे रे. कागदावर अजून तेवढी नाही.

लॉन्ड्रीत नवं इस्त्रीचं यंत्र आलंय. हॉस्पिटलच्या चादरी दोघींनी दोन टोकांना धरून आत सारायच्या, पलीकडून त्या सपाट होऊन येतात. दिवसाला सहाशे चादरी. माझ्या जोडीची बाई सतत बोलते, मी सतत हो म्हणते, असं आमचं छान जमतं. जुन्या यंत्राचा आवाज एवढा होता की फोन आला की मला मागच्या जिन्यात जावं लागायचं. नवं यंत्र शांत आहे, पण आता मला तिथे फोन येत नाहीत. का येत नाहीत, तेच सांगायचं आहे, पण जरा सावकाश सांगू दे. हल्ली सगळंच सावकाश होतं माझं.

मधला गेला त्याच्या चौथ्या दिवशी पीडित साहाय्य कक्षातून एक बाई घरी आल्या होत्या, आठवतं का? नसेल आठवत, तू तेव्हा पोलीस ठाण्यात जबाब द्यायला गेला होतास. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं होतं. बाई चांगल्या होत्या. सरकार आता फक्त गुन्हेगाराच्या मागे धावत नाही, मागे राहिलेल्या माणसांकडेही बघतं, असं त्यांनी सांगितलं आणि एक पुस्तिका दिली. तिच्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. त्या कुटुंबाचं काय गेलं होतं कोण जाणे, सगळे बागेत बसले होते. मग अर्ज निघाला. त्यात एक रकाना होता, कुटुंबाच्या वतीने संपर्कासाठी एकच नाव. खटल्याची तारीख, निकाल, समुपदेशन, सगळं त्या एका माणसालाच कळवणार. घरात दहा जणांना फोन करून गोंधळ होतो म्हणून तो नियम. बाईंनी आईच्या दाराकडे पाहिलं, मी माझं नाव लिहिलं. महिनाभराने बदलू, असं मनाशी ठरवलं होतं.

महिन्याची सात वर्षं झाली. पहिला फोन आला तेव्हा आई दोन घास कसेबसे गिळत होती, तारीख कशाला कानावर घालायची, म्हणून गप्प राहिले. दुसऱ्या फोनला, पहिला सांगितला नाही तर दुसरा कसा सांगणार, असं झालं. पुढे अंगवळणीच पडलं. आईला समुपदेशनाच्या सहा भेटी मिळणार होत्या, त्या कक्षाच्या ऑफिसला मी कळवलं की आईची इच्छा नाही. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. निकालाआधी कोर्टात कुटुंबाचं म्हणणं वाचायचं होतं, ते मी लिहिलं आणि मीच वाचलं. आईला सांगितलं की लॉन्ड्रीत जादा पाळी आहे. तू फोनवर विचारायचास, ऑफिसवाल्यांचं काही कळलं का, तर तुलाही मी काही नाही म्हणून सांगायची. तू लगेच विषय बदलायचास, त्यामुळे सोपं जायचं. हे टोमणा म्हणून लिहीत नाही. थोडासा असेलही.

आणि आई, धाकट्या, आई इतकी वर्षं शेजारणींना सांगत आली की माझा तरणाताठा पोरगा गेला आणि सरकारला एक फोनही करावासा वाटला नाही. जिन्यात, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत. मी तिच्या शेजारी भाजीची पिशवी धरून उभी असायची. कधी कधी मानही डोलवायची.

तिला सांभाळण्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आले. पहिलं वर्षभर ते खरंही होतं. पुढचं खरं मी कुणाला बोलले नाही, ते तुला सांगते. त्या ऑफिसातला माणूस कुणीही असो, आणि सात वर्षांत तिघं बदलले, फोनवर पहिलं वाक्य एकच असायचं, की तुम्हाला आत्ता बोलायला वेळ आहे का, आणि दुसरं, तुम्ही कशा आहात. त्यांना ते शिकवलेलंच असणार. तरी मी जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसून त्याचं उत्तर द्यायची. तू बघ ना, आपल्याकडे जो यायचा तो मला विचारायचा, आई कशी आहे, आईला जप. मधला माझाही भाऊ होता. भांडण सोडवायची त्याला हौसच, आपल्या दोघांच्या भांडणात पडून लहानपणी तोच मार खायचा. त्या गॅरेजबाहेरही दुसऱ्यांचंच भांडण होतं. त्याच्याबद्दल मला कुणी विचारायचं ते फक्त त्या फोनवर. ती दहा मिनिटं मला कुणाला द्यायची नव्हती. आईलाही नाही.

आता काय झालं ते. ज्याने पहार घातली त्याची दहातली सात वर्षं झाली. त्याने लवकर सुटकेसाठी अर्ज केलाय. त्यावर निर्णय घेणाऱ्या समितीपुढे आपल्याला बोलायचा हक्क आहे, असं पत्र ऑफिसकडून आलं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं, दुसरं आलं तेही ठेवलं. फोनही उचलले नाहीत. काय बोलायचं तेच कळेना. खरं सांगू, तो आत राहिला काय आणि बाहेर आला काय, माझ्यात रागावण्याचंही बळ उरलेलं नाही. उत्तर गेलं नाही, तेव्हा मागच्या महिन्यात ऑफिसातली नवी मुलगी फाइल घेऊन थेट घरी आली. मी कामावर होते.

पुढचं मला त्या मुलीकडूनच कळलं. आईने तिला बसवलं, चहा दिला आणि मग चांगलं फैलावर घेतलं, सात वर्षांनी आठवण झाली का म्हणून. मुलगी बिचारी गोरीमोरी झाली आणि आपल्या कामाची बाजू मांडायला तिने फाइल उघडून नोंदी वाचायला घेतल्या. अमुक तारखेला फोन केला, मुलीशी बोलणं झालं. तमुक तारखेला फोन केला, आईंना बोलायचं नाही असं मुलीने कळवलं. तिच्या लक्षात यायला उशीर झाला. मध्येच थांबली, तर आई म्हणाली, वाच, सगळं वाच.

मी घरी आले तेव्हा आई स्वयंपाकघरात बसली होती. ड्रॉवरमधली दोन्ही पत्रं टेबलावर होती. मी ओरडाआरड्याची वाट बघत उभी राहिले. तिने आवाजही चढवला नाही. म्हणाली, "एकतीस वेळा बोललीस गं तू माझ्या जागी. मला एकदा तरी विचारायचंस."

मी माफी मागितली. तिने ऐकून घेतली, बाकी काही नाही. तेव्हापासून आमच्यात जेवण झालं का आणि दार लावलं का एवढंच बोलणं आहे. दुसऱ्या दिवशी ती एकटी, त्या गुडघ्यांनी, दोन बस बदलून ऑफिसला गेली आणि अर्जातलं माझं नाव काढून स्वतःचं घालून आली. आता फोन तिला येतात. ती खोलीचं दार लोटून घेऊन बोलते, बराच वेळ बोलते. परवा आतून हसल्यासारखा आवाज आला. मला बरं वाटलं आणि रडूही आलं, दोन्ही.

समिती येत्या तेवीस तारखेला सकाळी अकराला बसणार आहे. आई बोलणार आहे. त्याला आत ठेवा म्हणणार की सोडा म्हणणार, मला माहीत नाही आणि विचारायचा हक्क मी घालवून बसले आहे. खोलीत तिच्यासोबत घरातलं एकच माणूस जाऊ शकतं. मी आपणहून विचारलं, येऊ का. ती म्हणाली, "धाकट्याला बोलव. तू नको." म्हणून हे पत्र. भट्टी बंद करता येत नाही, कारखान्यात रजा मिळत नाही, हे सगळं मला माहीत आहे, तरी ये. तू तिकडे गेल्यापासून तीन वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे मागते. आत तिचा हात धर, पाणी जवळ ठेव, ती अडली तर तिच्यावतीने बोलू नकोस, तिला वेळ घेऊ दे. माझी बाजू मांडू नकोस. आणि बाहेर आल्यावर ती काय बोलली ते मला सांगू नकोस, मी खोदून खोदून विचारलं तरी नाही. सांगायचं असेल तर ती सांगेल.

तुझीच,
ताई