रेघेवर चार मिलीमीटर

१४ जानेवारी

आज लॅबमध्ये आईचं रक्त माझ्याच हातात आलं! नळी उभी केली आणि तासभर समोर बसून राहिले. तांबड्या पेशी खाली बसत जातात, वर सोनेरी पाणी उरतं. अंगात दाह असेल तर भराभर उतरतात, नसेल तर रेंगाळतात. आईच्या रेंगाळल्या. तासात सहा मिलीमीटर! दाह दाखवणारं दुसरं माप, सीआरपी, तेही अगदी कमी.

खिडकीबाहेर खाडी निळी, बर्फ निळा. इथं उत्तर टोकाला नोव्हेंबरपासून सूर्य नाही, नुसता उजेड. आपणच पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटत होतं.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. ती यासाठीच! रक्त खोटं बोलत नाही.

१६ जानेवारी

डॉ. सुनिवा बोटीनं आल्या. संधिवाताचे पेशंट बघायला वर्षातून दोनदाच येतात. बोटं, मनगटं, कोपर, खांदे, गुडघे — अठ्ठावीस सांधे दाबून पाहिले. मनगटांना किंचित सूज. मग आईपुढे कागद ठेवला, त्यावर दहा सेंटीमीटरची रेघ. डावं टोक 'उत्तम', उजवं 'असह्य'. कसं वाटतं तिथं खूण करायची. आईनं डावीकडे टोकाला चिकटून केली. चार मिलीमीटरवर.

सगळं मिळून आकडा १.८. २.६च्या खाली म्हणजे रोग निजलेला! नवीन इंजेक्शन द्यायचं चाललं होतं, ते बारगळलं. तिनं मासळीच्या कारखान्यात पूर्ण पाळी करायला हरकत नाही. मी आईला मिठीच मारली.

"झालं ना तुझं समाधान?" म्हणाली.

२१ जानेवारी

सूर्य आला! डोंगराच्या खाचेतून, जेमतेम दहा मिनिटं. सगळं गाव दारात उभं. या दिवशी आई जॅम भरलेले गोल पाव तळते. यंदा विकतचे आणले. "दुकानातल्याला काय झालंय?" म्हणाली. मी तीन खाल्ले.

३ फेब्रुवारी

कॉडचा हंगाम. आई दिवसभर मासे कापायच्या टेबलाशी उभी. तिच्या शेजारी काम करणारी आस्लाउग मावशी दुकानात भेटली.

"तुझी आई हल्ली जोक मारत नाही गं."

"दमत असेल. पण रिपोर्ट छान आहेत, मावशी!"

"हो का? तुमच्या त्या नळीत जोक मोजतात वाटतं?"

११ फेब्रुवारी

स्वप्नात आई उंच काचेच्या नळीत उभी होती. बुडत नव्हती. माझ्याकडे बघून हसत होती.

१५ फेब्रुवारी

एरवी मी उठायच्या आत ती कामाला गेलेली असते. आज लवकर जाग आली. जिन्यावर धप्, धप्. आई बसून उतरत होती — एकेक पायरी, लहान मूल उतरतं तशी. पाय उघडे. घोटे सुजून गोल, बोटं फाकलेली.

पाय! त्या अठ्ठावीस सांध्यांत गुडघ्यांखालचं काही धरतच नाहीत.

"आई, त्या कागदावर चारावर का खूण केलीस?"

"मग कुठं करायची? असह्य म्हणे! रोज उभी राहते म्हणजे सहन होतंयच की."

"पण हे पाय?"

"पायांचं कुणी विचारलं?" मग मोजे चढवता चढवता — "आणि नळीकडे बघून तू किती खूश झाली होतीस."

दुसरा मोजा मी चढवला.

१६ फेब्रुवारी

डॉ. सुनिवांना फोन केला. "काहींचं रक्त शांत असतं, आणि आत सांधे झिजत असतात," म्हणाल्या. "सोनोग्राफी करू, इंजेक्शनही देता येईल. पण किती दुखतं ते तिच्याच तोंडून यायला हवं. मी विचारलं की ती 'छान' म्हणते."

आईला सांगितलं. तिनं कॉफी ठेवली. "त्या बाईंना आणखी आजारी माणसं आहेत," एवढंच.

बाहेर दिवसभर बर्फ पडत होता, बिनआवाजाचा.

१९ फेब्रुवारी

लॅबमध्ये फोन आला. आईचा, कारखान्यातून. मागं यंत्रं, बायकांची बोलणी — सगळ्या ऐकत असणार.

"दुखतंय," म्हणाली. "फार दुखतंय गं. मला न्यायला ये."